तुळशीखालचं झाकण

तुमच्या घरी शेवटचं बांधकाम झालं तेव्हा मिस्त्रीच्या पहारीला खाली लोखंड लागलं होतं का? आणि लागलं असेल, तर तुम्ही त्याला काय सांगितलंत?

घाई करू नका, आठवून उत्तर द्या. माझा या परीक्षेचा निकाल लागून गेला आहे आणि तो सांगायलाच हा लेख लिहिते आहे.

मी झाशीत पाणीपुरवठ्याच्या कामावर ज्युनियर इंजिनियर आहे. पाणी आलं की लोक ‘जेई मैडम’ म्हणतात, नाही आलं की नुसतं ‘ए मैडम’. नऊ वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट कळली. आमची निम्मी भांडणं पाण्याशी नसतात, विटांशी असतात. घर वाढतं ते नेहमी पुढे वाढतं. आधी एक पायरी, मग पायरीचा ओटा, मग ओट्यावर जाळी, मग जाळीच्या आत एक खोली. त्या तीन फुटांखाली आमची लाइन, आमचे व्हॉल्व्ह, कधी गटाराचं चेंबर. वर राहणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. किंवा असतो, आणि तो फरशी घालतो.

प्रेम नगरात एका गृहस्थांनी गल्लीची अख्खी लाइन नव्या जिन्याच्या पहिल्या पायरीत ओतून घेतली होती. पाणी कमी येतं ही तक्रारही त्यांचीच. पायरी फोडायला गेलो तर हात जोडून म्हणाले, “मैडम, सीढ़ी मत तोड़िए. पानी से कहिए, उधर से घूमकर चला जाए.” दुसऱ्या एका घरात गटाराचं चेंबर दिवाणखान्यात, सोफ्याखाली निघालं. सोफा सरकवला, गालिचा गुंडाळला, झाकण उचलणार तोच घरातल्या आजोबांनी बजावलं, “जूते बाहर उतारकर!” आम्ही उतरवले. चार माणसं अनवाणी पायांनी त्यांचं तुंबलेलं गटार उपसत होतो.

हसा, मीही हसते. लष्कराच्या छावनीत परवानगीशिवाय वीट सरकत नाही, नकाशात व्हॉल्व्ह दाखवला आहे तिथेच तो सापडतो. आमच्या ऑफिसातली माणसं छावनीतल्या रस्त्यांकडे इतर लोक हिलस्टेशनकडे पाहतात तशी पाहतात. पण मी सांगणार आहे ती गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही.

दतिया गेटजवळच्या एका गल्लीतून गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. नळाला वास येतो, चार घरांत कावीळ आहे. सकाळी सहाला पाणी सुटतं, म्हणून साडेपाचला मी आणि आमचे फिटर रामसेवक जी तिथे पोचलो. रामसेवक जींची नोकरी माझ्या वयाहून मोठी. गावातला एकेक व्हॉल्व्ह त्यांना पाठ आहे. नकाशावरून नाही, पावलांवरून. ऑफिसातला नकाशा जिथे फाटला आहे तिथून पुढचं शहर त्यांच्या पायांत आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पाण्याची तपासणी साधी असते. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की त्यात क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे ते पिण्याजोगं आहे. रंग आलाच नाही तर समजायचं की वाटेत कुठेतरी घाण मिसळली आणि क्लोरीन तिच्याशी लढण्यातच संपलं. आम्ही घरोघर नळी भरत निघालो. पहिलं घर पिवळं. दुसरं पिवळं. गल्ली जिथे वळते तिथलं कोपऱ्यावरचं घर ओलांडलं आणि नळी कोरी राहिली. पुढच्या घरातही कोरी. शेवटपर्यंत कोरी.

रामसेवक जींनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. “मैडम जी, इतै तक पीरो है. इतै से आगे कछू नईं.”

कोपऱ्यावरच्या घराच्या समोर सरोजचं घर. सरोज त्या घरची सून, सातवा महिना चाललेला. दारात भिंतीला टेकून बसली होती, तिचं पाणी तपासायला मी वाकले तेव्हा तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. जो पिवळा रंग मला नळीत हवा होता तो तिच्या डोळ्यांत होता. तिची सासू म्हणाली, “खाना नहीं रुकता बिटिया के पेट में. पानी तो उबालकर ही देते हैं, अब, दो दिन से.” पोटुशीला कावीळ म्हणजे काय, हे मला माहीत होतं. त्या सासूलाही माहीत होतं, म्हणूनच ती सारखी ‘दो दिन से, दो दिन से’ म्हणत होती.

आता करायचं ते उघड होतं. वळणावर त्या आतल्या गल्लीचा व्हॉल्व्ह आहे. तो बंद करायचा, पुढची लाइन धुवायची, घाण कुठून शिरते ते शोधायचं. रामसेवक जी हातपंपापाशी गेले, पाठ भिंतीला लावली आणि पावलं मोजू लागले. “हातपंप से ग्यारा कदम.” आठ, नऊ, दहा. अकरावं पाऊल त्यांनी उचललं आणि तसंच मागे घेतलं. मग चपला काढल्या.

समोर तुळशीवृंदावन होतं. नवं, पांढऱ्या टाइलचं, पुढे देवळी असलेलं. कोपऱ्यावरच्या घराचा नवा ओटा गल्लीत तीन फूट आला होता आणि त्याच्या टोकाला वृंदावन.

हे घर सुमनकाकूंचं. झाशीच्या जुन्या मराठी घरांपैकी एक. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. शाळेत मी त्यांना ‘बहनजी’ म्हणायचे आणि घरी ‘काकू’. दोन्ही गुडघे गेल्यामुळे त्यांना जिना चढवत नव्हता, आणि न्हाणीघर-संडास वरच्या मजल्यावर. म्हणून त्यांचा मुलगा अभय याने उन्हाळ्यात खालीच, पुढच्या बाजूला, एक लहानसं न्हाणीघर बांधून दिलं. परवानगी काढली नाही. कारण वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही.

त्या अकराव्या पावलापाशी उभी असताना मला श्रावण आठवला.

श्रावणात त्याच ओट्यावर सत्यनारायण होता. मी गेले होते. हातात प्रसादाचा द्रोण, पाय ओट्यावरून खाली सोडलेले. काकू जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “काय गं, तुझ्या खात्याची काही हरकत नाही ना? मिस्त्री म्हणत होता, इथे खाली लोखंडाचं झाकण लागलं.” शिऱ्याचा घास तोंडात होता. मी म्हणाले, “जुनं काहीतरी असेल काकू. शिरा छान झालाय.”

एवढंच. झाकणाचं नाव ऐकल्यावर जिने उठून चौकशी करायची, तीच तिथे पाय हलवत शिरा खात बसली होती.

रामसेवक जींनी त्या दिवशी पहार उचलली नाही. “पाप हमसे न कराओ मैडम जी. आप लिख के दे दो, तब भी तुलसी मैया पे हात न उठे.” तेवढ्यात अभय बाहेर आला. “ताई, नोटीस आहे का? पहले नोटीस लाओ. आणि आईच्या गुडघ्यांसाठी बनवलंय ते, तुला माहितीये.”

“अभय, खाली गल्लीचा व्हॉल्व्ह आहे. समोर सरोज बघ कशी झाली आहे.”

“आमच्यामुळे झाली? प्रूफ दाखव. तुमची पाईपलाइन पन्नास जागी फुटलेली असते, और तोड़ोगे हमारा घर?”

मग काकू आल्या, काठी टेकत. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “आठ दिवसांवर तुळशीचं लग्न आहे. हळद लागलेली मुलगी बोहल्यावरून उठवतात का? बारस होऊ दे, मग काय ते फोड.” आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. श्रावणातलं एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. माझ्या माणसांसमोर माझी लाज त्यांनी राखली होती, आणि मीही ती राखू दिली.

ऑफिसात साहेबांनी फाइल न उघडताच सांगितलं, “त्योहार हैं. तुलसी का मामला है, इसे मंदिर का मामला मत बनाइए. नोटिस डालिए, पंद्रह दिन का.” वरचा मोठा व्हॉल्व्ह तरी बंद करू द्या म्हटलं, तर त्याने सहा गल्ल्या कोरड्या पडतात. “छह गलियों का धरना आप सँभालेंगी?” मी टँकर मागून घेतला, गल्लीच्या तोंडाशी उभा केला, नळाचं पाणी पिऊ नका म्हणून दारोदार सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर नळ चालूच. प्यायला टँकर, पण भांडी, आंघोळ, पीठ मळणं नळावर. ज्याच्या-त्याच्या घरात मोटर लावलेली, ती लाइनीतून पाणी ओढत होती. आणि ओढणारी मोटर पाणी तेवढं ओढते असं नाही, फटीपाशी जे असेल ते ओढते.

त्याच दुपारी सरोजला दवाखान्यात दाखल केलं. पंधरा दिवसांची नोटीस माझ्या टेबलावर टाइप होऊन पडली होती.

माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांच्या युनियनची पत्रकं आमच्या प्रेम नगरच्या घरात छापून यायची, गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर, शाई ओली असलेली. मी ती घडी घालायची. अक्षरओळख मला त्यांतून झाली. ‘मागणी’ हा शब्द मी ‘मामा’च्या आधी वाचायला शिकले, असं आई चिडून सांगते. तेव्हा त्या संध्याकाळी मी घरी येऊन काय केलं असेल? बसले आणि पत्रक लिहिलं. जळजळीत. ‘तुमच्या गल्लीत विष कोण मिसळतंय?’ अशी सुरुवात. कोपऱ्यावरचं घर, बेकायदा ओटा, धर्माच्या आड लपलेला स्वार्थ, सगळं आलं. ‘स्वार्थ’खाली दोन रेघा.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. त्यांना श्रावणातली गोष्ट मी आदल्या दिवशी सांगितली होती.

“भाषा चांगली आहे,” ते म्हणाले. “तू कुठे आहेस यात?”

“खाली सही आहे ना माझी.”

“सही नाही विचारली. चूक करणाऱ्यांत तू कुठे आहेस? बाईने तुला विचारलं होतं. विचारणाऱ्या माणसाला तू चोर म्हणतेयस आणि उत्तर देणारीचं नावच नाही.” त्यांनी कागद परत दिला. “असलं पत्रक मी वाटलं नसतं.”

मी रागावले, जेवले नाही. मग तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. गल्लीसाठी ते हिंदीत लिहिलं होतं, इथे मराठीत देते:

‘या गल्लीचं पाणी घाण आहे. व्हॉल्व्ह कोपऱ्यावरच्या तुळशीखाली झाकला गेला आहे. श्रावणातच घरमालकिणीने मला विचारलं होतं. मी जेई असून न बघता ‘हरकत नाही’ म्हटलं. चूक माझी आहे. आता तो उघडण्यासाठी मला तुमची मदत हवी आहे. पाणी सुटल्यावर मोटर लावू नका. आज सकाळी सात वाजता कोपऱ्यावर या.’ खाली नाव आणि हुद्दा.

बाजारातून पन्नास प्रती काढून आणल्या. दुसऱ्या दिवशी पाणी सुटण्याआधी मी आणि रामसेवक जी घरोघर वाटत गेलो. रामसेवक जींनी वाचून घेतलं आणि म्हणाले, “काए मैडम जी, नौकरी भारी लग रई का?” पण वाटायला त्यांनीच माझ्याहून जास्त प्रती घेतल्या.

काकूंच्या दारात मीच गेले. त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग म्हणाल्या, “थांब.” आत जाऊन आल्या तर हातात लाल पेन. तीस वर्षांची सवय. मला वाटलं आता चुका काढणार. त्यांनी ‘चूक माझी आहे’मधल्या ‘माझी’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘आमची’. माझ्या नावाखाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

“अर्धं उत्तर लिहिलंस,” त्या म्हणाल्या. “मिस्त्रीने मला दोनदा सांगितलं होतं. एकदा विचारून माझं समाधान झालं, कारण मला हवं ते उत्तर मिळालं. तुला मार्क देताना मी असं चालवून घेतलं असतं का?”

“आई, तू आत जा,” अभय म्हणाला.

“तू तसला आण, ते सिमेंटचं घमेलं. मिस्त्री टाकून गेलाय ते. आणि खुरपं.”

“आई, लग्नाच्या आधी?”

“लग्न तिचं आहे. ती उठेल. समोरची उठत नाहीये.”

सात वाजता कोपऱ्यावर वीस-पंचवीस माणसं होती. काकू स्टुलावर बसल्या, नमस्कार केला आणि स्वतः खुरप्याने तुळस मुळांच्या गोळ्यासकट मोकळी केली. सिमेंटचे डाग वाळलेल्या त्या तसल्यात माती घालून ती लावली. ठेवायची कुठे? सरोजची सासू पुढे आली. ती रात्रभर दवाखान्यात बसून नुकतीच कपडे न्यायला आली होती. “हमाए दरवाजे पे बैठाओ माता जी. हमाओ घर सूनो परो है.” अभयने तसला उचलला आणि समोर नेऊन ठेवला.

मग रामसेवक जींनी रिकाम्या वृंदावनाला हात लावून कपाळाला लावला आणि पहार घातली.

खाली स्लॅब. स्लॅबखाली आमचं बिडाचं झाकण. झाकण उचललं आणि सगळे दोन पावलं मागे सरले. मिस्त्रीला न्हाणीघराचं सांडपाणी आणि संडासाचा पाइप नालीपर्यंत न्यायचा होता. खणायला गेला तर आयता पोकळ खड्डा मिळाला. त्याने पाइप त्यातूनच आरपार काढला आणि वरून झाकून टाकला. पाइपचा जोड सुटला होता. आमचा व्हॉल्व्ह गळ्यापर्यंत त्या घाणीत बुडालेला. व्हॉल्व्ह फिरवायच्या दांड्याभोवती सुतळीचं पॅकिंग असतं, ते जुनं झालं की बारीक फट राहते. सकाळी वीस मोटरी ओढू लागल्या की त्या फटीतून काय आत जात होतं, ते सांगायला नको. वर, बरोबर त्याच्या डोक्यावर, रोज पाणी घालून दिवा लागत होता.

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. एक जण तेवढा अभयला म्हणाला, “भैया, हमने भी तो बाहर को निकाल रखा है. देखना पड़ेगा.”

व्हॉल्व्ह बंद केला. चेंबर उपसलं, धुतलं, पॅकिंग बदललं, संडासाचा पाइप मागच्या बाजूने गटाराला जोडून घेतला. तीन सकाळी लाइन धुतली. चौथ्या सकाळी गल्लीच्या शेवटच्या नळावर नळी भरली आणि रामसेवक जींनी ती सगळ्यांना फिरवून दाखवली, मुलगा झाल्याचे पेढे वाटावेत तशी. पिवळी.

अभयचा ओटा तीन फूट मागे गेला. काकूंचं न्हाणीघर बैठकीतली जागा घेऊन आत सरकलं, कारण गुडघे खरे होते आणि गरज खरी होती. माझी नोटीस पंधराव्या दिवशी त्या घरी रीतसर पोचली, तेव्हा तोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. मलाही ऑफिसातून एक कागद मिळाला: विनापरवानगी पत्रक वाटल्याबद्दल खुलासा द्यावा. बेकायदा बांधकामाविरुद्धचं माझं बेकायदा पत्रक! खुलाशात मी एकच ओळ लिहिली, की पत्रकातला मजकूर खरा आहे. बाबांनी त्याची प्रत मागून घेतली.

तुळशीचं लग्न सरोजच्या दारात लागलं. त्यांची देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, आणि आमचं लग्न एकाच दिवशी आटोपलं. उसाचा मांडव त्यांचा, मंगलाष्टकं काकूंची, नवरी सिमेंटच्या तसल्यात. सरोज तेव्हा दवाखान्यातच होती. ती त्यानंतर चार दिवसांनी घरी आली आणि दिवस पुरे भरायच्या आधीच तिला मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज खणखणीत. दोघी बऱ्या आहेत. मी गेले की सरोज चहा करते आणि मी तिला पाणी कुठलं हे विचारत नाही, पण कपाकडे बघते. तिला ते कळतं. “पी लो दीदी, पीला वाला है,” म्हणते आणि हसते. मला अजून तसं हसता येत नाही. श्रावण ते कार्तिक मधे जे दिवस गेले ते मी एका द्रोणभर शिऱ्यापायी घालवले होते.

म्हणून ही विनंती. हा अंक वाचून झाल्यावर नाही, आत्ता. फराळाचं ताट बाजूला ठेवा आणि दाराबाहेर जा. तुमच्या पायरीखाली, ओट्याखाली, गाडी उभी करायच्या जागेखाली आमचं झाकण कुठे आहे ते शोधा. शेजाऱ्यांना विचारा, ज्या मिस्त्रीने काम केलं त्याला फोन लावा, आणि सकाळी पाणी सोडायला येणारा माणूस दिसला की त्याला थांबवून चहा द्या आणि पावलं मोजायला लावा. सापडलं तर ते मोकळं करा आणि भिंतीवर रंगाने बाण काढा. आणि त्यावर तुळस निघाली, तर हळद लागायची वाट पाहू नका. एक तसला घ्या आणि तिला मुळांच्या गोळ्यासकट नीट उचला.